तूरडाळीच्या पुडीतला नियम

साऱ्या लष्कर भागात सरकारी कागदाला न भिणारं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई. ग्वाल्हेरच्या या भागात आम्हा मराठी मंडळींची घरं पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या नोकरीवर जगलेली. शिक्का दिसला की मान आपोआप खाली जायची. काकूंची मान मात्र शिक्का पाहून वर व्हायची. रेशनकार्डावर कारकुनाने त्यांचं वय दोन वर्षांनी कमी लिहिलं, तेव्हा गल्लीतल्या बायका त्यांना नशीबवान म्हणाल्या. काकू दोन तास रांगेत उभ्या राहिल्या आणि वय वाढवून घेऊन आल्या. "खोटं तरुण राहून काय करू?" म्हणाल्या. छापलेलं काहीही वाचल्याशिवाय त्या फेकत नसत. दाल बाजारातून आणलेला किराणा डब्यांत भरून झाला की पुड्यांचे कागद सरळ करून दुपारभर वाचत बसायच्या. संस्थान विलीन झालं आणि जुन्या कचेऱ्यांची रद्दी बाजारात आली, तेव्हापासून तर त्यांना वाचायला काही कमीच पडलं नाही.

विलीनीकरणाचा फटका त्यांच्या घराला जरा निराळाच बसला. मध्य भारत राज्य झालं आणि इंदूरकर व ग्वाल्हेरकर दोघांचंही मन राखायला राजधानी हिवाळ्यात आमच्याकडे आणि उन्हाळ्यात इंदूरला ठेवायचं ठरलं. काका सचिवालयात कारकून. उन्हं तापायला लागली की कपाटं, पंखे, फायली आणि काका असं सगळं आगगाडीत भरून इंदूरला रवाना व्हायचं, ते थंडीच्या तोंडावर परत. "सरकारला दोन घरं आहेत," काकू म्हणायच्या, "आणि मला अर्धा नवरा."

आम्ही दोघी आठवी पास झालो त्या वर्षीची गोष्ट. नववीला विषय वाटून मिळायचे. माझी मैत्रीण गणितात वर्गात पहिली. तिला विज्ञान मिळणार हे शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं. यादी लागली तर तिचं नाव गृहविज्ञानात. काकू तडक शाळेत गेल्या, आणि आम्ही दोघी त्यांच्या मागे. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या बडी बहनजी, एवढंच म्हणाल्या, "रेकॉर्ड पाहूनच ठरवलंय."

"मग ते रेकॉर्ड मला दाखवा."

शाळेचे बाबू आदबीने पुढे झाले. "माताजी, नियम नहीं है. सिर्फ पिता देख सकते हैं."

"पिता इंदूरला आहेत."

"तो नवंबर में आइए."

"म्हणजे वर्षातले सहा महिने माझ्या मुलीला कोणी पालकच नसतो? तसं लिहून द्या मला."

बाबूंनी काही लिहून दिलं नाही. उलट काकूंना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि हळू आवाजात विचारलं, "अब तबीयत कैसी है?" बडी बहनजींनीही निघताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर पडल्यावर काकू म्हणाल्या, "अगं, ही माणसं माझ्याकडे असं काय पाहून राहिली आहेत? मी काय मरायला टेकलेय?"

आम्ही दोघींनी जमिनीकडे पाहिलं. कारण शाळेच्या कागदांत काकू खरोखरच मरायला टेकल्या होत्या. वर्षभरात सात वेळा आम्ही शाळा बुडवली होती, आणि सातही वेळा मैत्रिणीच्या घरी 'आई आजारी' होती. (माझ्या घरी तोवर दोन आत्या आणि एक मामा वारले होते.) अर्ज मी लिहायची, माझं अक्षर बरं म्हणून, काकूंची सही ती करायची. आता कळलं की आमचे अर्ज कोणीतरी मन लावून वाचले होते. एवढ्या आजारी आईच्या मुलीवर विज्ञानाचा भार नको, घरकाम तरी नीट शिकेल, असा बडी बहनजींनी दयाळूपणे विचार केला होता.

त्या दिवसापासून काकू रेकॉर्ड पाहण्याच्या हक्कासाठी लढत होत्या आणि आम्ही दोघी रोज संध्याकाळी देवाजवळ त्या हरू देत म्हणून हात जोडत होतो. काकांना पत्र गेलं. त्यांचं उत्तर आलं, "शाळेशी वाद घालू नये. माझी बदली करतील." काकूंनी उलट टपाली लिहिलं, "कुठे करणार? तुम्ही आधीच अर्धे बदललेले आहात." शिक्षण खात्यात गेल्या, तर तिथे कळलं की ती फाईल इंदूरला गेली आहे.

आणि एके दुपारी तूरडाळीची पुडी सुटली. कागद जुन्या संस्थानच्या शाळाखात्याच्या नियमांचा होता. पालकाला आपल्या पाल्याच्या सर्व नोंदी पाहता येतील, असं त्यात स्वच्छ छापलेलं. पालक! बाप की आई याचा उल्लेख नाही. पुढे 'परंतु' असा शब्द होता आणि तिथे कागद फाटला होता.

बाबूंनी तो चुरगळलेला कागद उलटून पालटून पाहिला. "माताजी, वो रियासत तो खतम हो गई."

"नव्या राज्याने नवा नियम केलाय? दाखवा."

नवा नियम कोणी पाहिला नव्हता. बडी बहनजींनी चष्मा पुसला. "या 'परंतु'च्या पुढे काय होतं?"

"पुढे तूरडाळ होती," काकू म्हणाल्या.

फाईल आली. आम्हा दोघींनाही वर्गातून बोलावून भिंतीशी उभं केलं. काकूंनी पदर खोचला आणि वाचायला घेतलं. पहिल्या अर्जात त्यांना ताप होता, दुसऱ्यात संधिवात, चौथ्यात छातीत कळ. पाचव्यात त्या शुद्धीवर नव्हत्या, तरी खाली सही होती. त्या सावकाश वाचत गेल्या. तारखा पाहायच्या, पान उलटायच्या, पुन्हा मागे जायच्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "यात एक चूक आहे."

मी मैत्रिणीच्या मागे सरकले.

"'अत्यवस्थ' शब्दात 'त्य'ला काना नसतो."

बडी बहनजींनी विचारलं, "या सह्या आपल्याच ना?"

स्वतःचं वय वाढवून घ्यायला दोन तास उभी राहणारी ती बाई फाईल मिटून लेकीकडे पाहू लागली.

"माझ्याच," काकू म्हणाल्या. "पण आता मी ठणठणीत आहे. तसं लिहून देते." आणि तिथल्या तिथे कागद मागून त्यांनी आपल्या प्रकृतीचा दाखला स्वतःच लिहून दिला. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीचं नाव विज्ञानात गेलं.

घरी आम्हाला 'अत्यवस्थ' हा शब्द लिहायला बसवलं. तिला पन्नास वेळा, मला दोनशे. लिहिता लिहिता आम्ही सगळं कबूल केलं. पाच वेळा ग्वाल्हेरच्या मोठ्या जत्रेत, म्हणजे मेळ्यात, गेलो होतो.

"आणि उरलेले दोन दिवस?" काकूंनी विचारलं. "एक एप्रिलातला, एक ऑक्टोबरातला. मेळा तर थंडीत असतो."

मैत्रीण वहीवरून मान वर न करता म्हणाली, "बाबांचं ऑफिस गेलं आणि आलं, ते दिवस. शाळा बुडवून स्टेशनवर यायचं नाही, असं ते म्हणाले होते. म्हणून आम्ही लांबून पाहिलं." काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. आमचे पन्नास आणि दोनशे मोजायला कोणी आलंच नाही.

पुढे राज्यांची पुन्हा फेररचना झाली. मध्य भारत गेला, राजधानी कायमची भोपाळला गेली, आणि अर्ध्या नवऱ्याची कटकट संपवून काकूही बिऱ्हाड घेऊन तिकडे गेल्या. मैत्रीण तिथेच गणिताची प्राध्यापिका झाली. माझं लग्न झाल्यावर एकदा मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. काकू थकल्या होत्या, आता खरोखरीच्या संधिवाताने. दुपारी मैत्रीण कॉलेजात गेली तेव्हा मला जवळ बसवून म्हणाल्या, "एक विचारायचं राहून गेलंय. त्या पाच दिवसांत मेळ्यात काय काय केलंत गं तुम्ही?"

मी सांगितलं. पाळणा, ताटाएवढा पापड, खजला नावाची खुसखुशीत मिठाई, एकमेकींच्या हातांत भरलेल्या काचेच्या बांगड्या, आणि मौत का कुआँ, ज्यात मोटारसायकल भिंतीवरून फिरताना मैत्रिणीने भीतीने माझा दंड चावला होता. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मी थांबले की म्हणायच्या, "आणि मग?" मी पुन्हा सांगायची. काही गोष्टी घडल्याच नव्हत्या, त्याही सांगितल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. "वीस वर्षं राहिले ग्वाल्हेरला," त्या म्हणाल्या. "आधी ही लहान होती, आणि नंतर मेळा भरायचा तेव्हा हे घरी असायचे ना. सहा महिन्यांनी आलेला माणूस. त्यांचं खाणंपिणं बघण्यातच हिवाळा निघून जायचा. मी काही कधी गेले नाही बघ."