डोळे उघडे ठेवून

देवासला माता टेकडीच्या पायथ्याशी एका मोठ्या योगकेंद्रात ऋतिका शिकवायची. शाळेत असल्यापासून आसनांच्या स्पर्धा जिंकत आलेली. तिचं शिकवणंही स्पर्धेसारखंच होतं. कुणाचा गुडघा वाकलेला दिसला की मागून जाऊन तो दाबायची. समोरचा कळवळला तर म्हणायची, "शरीर बहाणे करतं. त्याचं ऐकायचं नाही." लोकांना हा कडकपणा आवडायचा. टेकडीवर दर्शनाला जाणारी माणसंही खिडकीशी थांबून तिचं शीर्षासन बघत.

मग एका संध्याकाळी बायपासवर ट्रकनं तिची स्कूटी फरफटत नेली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

केंद्राचे मालक भैयासाहेब दवाखान्यात फळं घेऊन आले. "तुझी जागा तुझीच आहे, बेटा," म्हणाले. पुढे कृत्रिम पाय बसला, भिंत न धरता चालता येऊ लागलं, तेव्हा ती केंद्रावर गेली. भैयासाहेबांनी चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोक इथं शिक्षकाकडे बघून शिकतात गं. तुला बघून त्यांचं ध्यान कुठे जाईल, तूच सांग."

ऋतिकानं चहा संपवला. देवासची भाड्याची खोली सोडली आणि धारला माईकडे परत आली. वडील जाऊन बराच काळ लोटला होता, घरात माई एकटीच. लेकीनं लग्न केलं नाही याचा माईला पूर्वी राग यायचा. आता तिनं तो विषय काढणंच सोडलं.

नसलेला पाय दुखायचा. कापून टाकलेल्या पायाचा अंगठा विस्तवावर धरल्यासारखा जळायचा आणि चोळायला हात नेला तर तिथे चादर. एकदा तिनं फोनवर कुणाचा तरी योगवर्ग लावला. "दोन्ही तळवे जमिनीवर घट्ट रोवा," पलीकडची बाई म्हणाली. हे वाक्य ऋतिकानं स्वतः किती वेळा म्हटलं असेल! तिनं फोन बंद केला. त्यानंतर कित्येक महिने ती सतरंजीवर बसली नाही.

इंदिराबाईंना माईनंच आणलं. दत्ताच्या देवळातली ओळख. त्यांच्या घराकडे नर्मदाकाठच्या निसरपुरातल्या महादेवाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या होती. धरणाचं पाणी चढलं तशी वस्ती उठली, घर गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागून दुसऱ्याच उन्हाळ्यात त्यांचे यजमान वारले. मुलगा धारला शाळेत मास्तर, तो आईला इकडे घेऊन आला. तेव्हापासून त्यांना मधूनच श्वास पुरेनासा व्हायचा. हृदय थोडं थकलंय, पण इतका दम लागण्यासारखं काही नाही, असं डॉक्टर म्हणत.

"हिला काहीतरी शिकीव," माई म्हणाली.

"मी आता शिकवत नाही, माई."

"मग नुसती बस हिच्यापाशी. तूही एकटीच बसून राहिलीस ना दिवसभर."

नाइलाजानं ऋतिकानं इंदिराबाईंना परसातल्या खुर्चीवर बसवलं. त्यांचे पाय जमिनीला पोचेनात, तेव्हा खाली दोन विटा ठेवल्या. "काकू, डोळे मिटा. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच बघा."

दोन-चार श्वास झाले असतील नसतील, इंदिराबाईंनी खुर्चीचा हात गच्च धरला. चेहरा राखेसारखा झाला. त्या उठूनच उभ्या राहिल्या.

"काय झालं, काकू?"

"मिटले की ते वर येतं गो."

"काय येतं?"

"पाणी. आधी उंबऱ्याशी येतं. मग देव्हाऱ्यात शिरतं."

'येऊ द्या, साक्षीभावानं बघत राहा,' हे उत्तर ऋतिकाच्या जिभेवर तयार होतं. असंच शिकवत आली होती ती. पण नेमका त्याच वेळी तिचा नसलेला अंगठा पेटला. याच्याकडे साक्षीभावानं बघ असं मला कुणी सांगितलं तर मी त्याच्या थोबाडीत मारीन, असं तिच्या मनात आलं.

"मग नका मिटू," ती म्हणाली.

"चालतं तसं? शास्त्रात बसतं?"

"ते ठाऊक नाही. आपण चालवू."

मग इंदिराबाई उघड्या डोळ्यांनी बसल्या आणि श्वास सोडताना समोर दिसेल ते सांगू लागल्या. "मोरी... पिंप... दोरीवर तुझ्या माईचं लुगडं..." हळूहळू श्वास लांबला. ऋतिकानं आपला कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवला. माईखेरीज कुणासमोर तिनं तो आजवर काढला नव्हता. इंदिराबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग म्हणाल्या, "पाय... उन्हात ठेवलेला," आणि पुन्हा मोरीकडे वळल्या.

तो वर्ग वाढला. देवळाच्या सभागृहात सकाळी जागा मिळाली. सरदारपूरच्या धान्यमंडीत पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून कमरेखाली लुळा पडलेला रणवीर चाकाच्या खुर्चीतून येऊ लागला. आणखी तिघं-चौघं आली. विचारल्याशिवाय कुणाला हात लावायचा नाही, नको वाटलं तर मध्येच थांबायचं, डोळे उघडे असोत की मिटलेले, ज्याची त्याची मर्जी, असा तिथला रिवाज पडला. जुनी ऋतिका हे बघून हसली असती.

पहिल्याच आठवड्यात रणवीरनं विचारलं, "दीदी, सच बताओ, चलूँगा क्या?"

"नाही," ऋतिका म्हणाली. "याने ते होणार नाही."

तो शिव्या देत निघून गेला. पुढे बरेच दिवस फिरकला नाही. एका सकाळी परत आला, इंदिराबाईंशेजारी खुर्ची लावली आणि म्हणाला, "बाकी सब झूठ बोलते हैं." इंदिराबाईंनी त्याला आपल्या पदराच्या गाठीतला खडीसाखरेचा खडा दिला. पुढे त्या दोघांचं चांगलं जमलं. श्वासाबरोबर काय काय दिसतं यावर त्यांची चढाओढ चाले.

आणि मग भैयासाहेबांचा फोन आला.

केंद्राला मोठा कार्यक्रम करायचा होता. 'सबके लिए योग.' आता सगळीकडे हेच चाललंय, असं ते म्हणाले. "तूच मुख्य. लोक उभं राहून टाळ्या वाजवतील तुझ्यासाठी. तुझी दोन-तीन माणसंही घेऊन ये."

ऋतिकानं हो म्हटलं. वर्गाची माहिती लोकांपर्यंत पोचेल, हे तिनं सगळ्यांना सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. पण देवासच्या केंद्रातल्या त्याच सभागृहात, त्याच मंचावर एकदा परत चढायचं, ही भूक त्याच्या खाली होती. इंदिराबाईंना जायचं नव्हतं. "एवढ्या माणसांत मी काय करू?" त्या म्हणाल्या.

"माझ्यासाठी चला, काकू."

त्यावर त्यांनी पेटीतून ठेवणीतलं नऊवारी लुगडं काढलं.

केंद्राचं सभागृह भरलेलं होतं. कॅमेरे लावलेले. माइक मात्र ऋतिकाच्या हाती आला नाही. बाहेरून बोलावलेले कुणी गुरू बोलत होते, बोलणं मोठं गोड होतं त्यांचं. ऋतिकाला मधोमध बसवून सलवार गुडघ्यापर्यंत दुमडायला सांगितलं, पाय नीट दिसावा म्हणून. तिनं दुमडली. रणवीरला विचारण्याआधीच दोन स्वयंसेवकांनी त्याच्या काखेत हात घालून उभं केलं आणि टाळ्या झाल्या.

"आता सर्वांनी डोळे मिटा," गुरू म्हणाले. "एका विशाल नदीच्या काठी तुम्ही आहात. पाणी तुमच्या पायांना स्पर्श करतंय. हळूहळू वर येतंय. त्याला येऊ द्या."

ऋतिकानं मान वळवून पाहिलं. मंचाच्या कडेला खुर्चीत बसलेल्या इंदिराबाईंचे डोळे उघडे होते. मागून एका स्वयंसेविकेनं प्रेमानं वाकून त्यांच्या पापण्यांवर बोटं ठेवली.

उठायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. समोर कॅमेरा होता, पहिल्या रांगेत जुने विद्यार्थी होते, आणि ऋतिका पाठ ताठ ठेवून बसून राहिली. किती वेळ, ते तिला नंतर कधी सांगता आलं नाही. मग इंदिराबाईंचा आवाज आला. पहिल्यांदा शब्द नव्हते त्यात. नंतर त्या यजमानांना हाका मारू लागल्या, "अहो, देव काढा! अहो, आधी देव काढा!" आणि खुर्चीवरून खाली कोसळल्या.

"दीदी, रोको ना!" रणवीर ओरडला, तेव्हा कुठे ऋतिका हलली. ती लंगडत त्यांच्यापर्यंत पोचेतो गुरू माइकवर सांगत होते, "वाहू द्या. हीच मुक्ती आहे." भैयासाहेबांनी कॅमेरेवाल्याला जवळ जायची खूण केली.

धारला परतताना गाडीत इंदिराबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या, नऊवारीवर घामाचे डाग पडले होते.

त्यानंतर त्या वर्गाला आल्या नाहीत. ऋतिका त्यांच्या घरी गेली. जमिनीवर बसणं तिला जड जायचं, तरी त्यांच्या खाटेपाशी खालीच बसली. "काकू, मी बघत होते. मला थांबवता आलं असतं."

"ठाऊक आहे गो. मीही तुझ्याचकडे बघत होत्ये."

"माफ करा मला."

"राग नाही," इंदिराबाई पंख्याकडे बघत म्हणाल्या. "पण आता मला उघड्या डोळ्यांनीही दिसतं ते. तू शिकवलेलं मोडलं." नंतर सुनेला हाक मारून त्यांनी ऋतिकाला चहा द्यायला लावला. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या आक्रोशाची चित्रफीत भैयासाहेबांनी मागे बासरी लावून सगळीकडे टाकली. इंदिराबाईंच्या मुलाला ती शाळेतल्या सहकाऱ्यानं दाखवली. "आईंचं छान केलंत हो," असंही म्हणाला. मुलानं घरी आईला काही सांगितलं नाही. ऋतिकाकडे मात्र आला आणि दारातच उभा राहिला. "तुमच्यावर विश्वास ठेवून पाठवलं होतं," एवढंच बोलला.

ऋतिका देवासला गेली. या वेळी चहाला हात लावला नाही. "ती चित्रफीत काढा. आत्ता, माझ्यासमोर."

"अगं, लाखो लोकांच्या मनाला भिडलीय ती."

"काकूंना विचारलं होतं का? मला विचारलं होतं का?"

"तू होतीस की तिथे," भैयासाहेब शांतपणे म्हणाले. "काही बोलली नाहीस."

तरीही ती उठली नाही. संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली. येणारेजाणारे बघू लागले, तेव्हा भैयासाहेबांनी वैतागून चित्रफीत काढली. तोवर ती कुठल्या कुठे पोचली होती. बासरीच्या जागी कुणी भजन घातलं होतं, कुणी खाली स्वतःच्या केंद्राचं नाव.

श्रावणात इंदिराबाई गेल्या. झोपेत नव्हे. पहाटे दम लागला, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मुलानं ऋतिकाला कळवलं नाही, माईला देवळात कळलं. दोघी गेल्या तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. सून दारात आली, पण आत या म्हणाली नाही.

ऋतिकाला वर्ग बंद करायचा होता. रणवीर ऐकेना. "वो गईं तो मैं भी जाऊँ क्या?" त्यानं विचारलं. ती नुसती देवळाच्या सभागृहात येऊन बसायची, तो बाकीच्यांचा वर्ग घ्यायचा. बसता बसता एक दिवस तीच बोलू लागली. पण पूर्वीचा भरवसा आवाजात राहिला नव्हता. प्रत्येक सूचनेआधी ती थांबायची, समोरच्या चेहऱ्यांकडे बघायची. कधी कधी इतका वेळ, की लोक चुळबुळू लागत.

दिवाळीनंतर डही गावाहून एक बाई आली. इतक्या लांबून, पहाटेची बस पकडून. दारात चप्पल काढताना तिनं फोन पुढे केला. त्यात इंदिराबाईंचा चेहरा होता.

"मेरे साथ भी ऐसा ही होता है," ती म्हणाली. "इसलिए आई. देवास फोन किया तो यहाँ का पता मिला. ये अम्मा कहाँ बैठती हैं?"

"त्या गेल्या," ऋतिकाच्या तोंडून मराठीतच निघालं. मग म्हणाली, "चली गईं."

बाईच्या डोळ्यांत आशा चमकली. "ठीक होकर?"

रणवीरनं मान खाली घातली. ऋतिकानं तो फोन तिच्या हातातून घेतला आणि पालथा करून ओट्यावर ठेवला.

"नहीं," ती म्हणाली. "ठीक होकर नहीं." आणि तिच्यासाठी खुर्ची आणायला वळली.