तीन मिनिटांचं गाणं पावणेतीन मिनिटांत

ज्याच्याशी मी असा वागलो, तो माणूस दर रविवारी माझ्याकडे चहाला येतो. त्याला हे माहीत नाही. माझ्या बायकोला नाही, पोरांना नाही — दुकानातल्या कुणाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या दारात कधी येणार नाही. समोरासमोर असतो तर एव्हाना मी विषय बदलला असता, नाहीतर आवाज चढवला असता. आवाज चढवणं मला चांगलं जमतं.

मी विहिरीवरच्या मोटारी भरून देणारा माणूस. मोटार जळाली की जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. मांजरसुंब्याच्या फाट्यावर, एका ढाब्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. आज बीडमध्ये दुकान आहे, वर घर आहे. कुणी हात दिला नाही, मीही मागितला नाही. घासाघीस करून वर आलो. भाव सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं की तो कुठं थांबणार ते मला कळतं. पण गाण्यातलं — ते मात्र कधीच कळलं नाही.

हे कबूल करायलाच मला निम्मं आयुष्य लागलं. घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली फक्त रेकॉर्डांची आहे. शास्त्रीय संगीत, दुसरं काही नाही. तुम्ही विचाराल, कळत नाही तर जमवल्या कशाला? गाणं ऐकणाऱ्या माणसाला लोक ‘अहो’ म्हणतात, हे मी पाहिलं होतं. मला आयुष्यभर ‘ए मिस्त्री’ म्हणाले.

मग मी रीत काढली. पुण्याचे एक समीक्षक रविवारच्या पुरवणीत जुन्या रेकॉर्डांवर लिहायचे. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांचा यात दोष नाही. ते ज्या रेकॉर्डची तारीफ करतील तिचं कात्रण कापायचं, फाइलला लावायचं, आणि ती रेकॉर्ड मिळेल तिथून आणायची. तांब्याची तार घेताना मी दहा दुकानं फिरतो — आणि गाणं घेताना एका माणसाच्या शब्दावर! का? कारण तारेतलं मला कळतं.

आता तो दुसरा माणूस. प्रल्हाद. नांदूरघाटचा, एसटीत कंडक्टर, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. त्याचे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे, त्या पेटीच्या बाजूला बसून याचे कान तयार झाले. त्याच्याजवळ रेकॉर्डी किती? एक लोखंडी ट्रंक भरेल एवढ्या. गाडी जिथं थांबेल तिथल्या बाजारातून, भंगारातून उचललेल्या. पण त्यातली एकही त्यानं कुणाला विचारून घेतली नव्हती. सुई टेकवायचा, डोळे मिटायचा, आणि दोन सुरांत सांगायचा — ‘ही ठिवायची’, नाहीतर ‘ही द्या सोडून’. मी त्याच्याकडे बघत बसायचो. गाण्याकडे नाही, त्याच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते माझ्या खोलीतल्या एवढ्या ढिगात मला एकदाही सापडलं नव्हतं. फुकट मिळालेलं होतं त्याला! ज्यांना फुकट मिळतं त्यांचा मला राग येतो. तेव्हाही यायचा, आजही येतो.

एकदा माझ्याकडे दहा-बारा जण जेवायला होते. डॉक्टर, वकील, दोन प्राध्यापक. मास्तरही होता. जेवणानंतर मी एक रेकॉर्ड लावली, जिच्या एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला केदार. कात्रण मला पाठ होतं. मी सांगायला लागलो — मारव्यातली ती सांजवेळची हुरहूर बघा, तो रिषभ बघा, कसा काळजात रुततो! सगळे माना हलवत होते.  मास्तरला मात्र हसू आवरेना.

“शेठ, बोर्ड केजचा अन् गाडी निघाली गेवराईला! हा केदार चाललाय. तुमचा मारवा खालच्या अंगाला हाय.”

सगळे हसले. वकील तर डोळे पुसून हसला. मीही हसलो. “मास्तर, तिकीट फाडा आता माझं,” असं काहीतरी म्हणालो. पण त्या रात्रीपासून — किती वर्षं झाली असतील? — ते हसू माझ्या कानात आहे. गाणं नाही राहिलं माझ्या कानात कधी, हसू राहिलं.

त्यानंतर त्याला ती तबकडी सापडली.

कुठं? मांजरसुंब्याला. माझं शेड होतं त्याच ढाब्यामागं. तिथं पाण्याचा एक रांजण होता, त्यावर झाकण म्हणून एक काळी तबकडी ठेवलेली, मधल्या भोकात चिंधीचा बोळा. एसटी चहाला थांबली, मास्तर पाणी प्यायला गेला, आणि झाकण हातात घेऊन उभाच राहिला. ढाब्याच्या बाईला त्यानं स्टीलचं ताट दिलं आणि झाकण घेऊन गेला.

समजतंय का तुम्हाला? चार वर्षं मी त्या रांजणाचं पाणी प्यालो होतो. दिवसातून दहा वेळा ते झाकण उचललं होतं, पाणी पिऊन रिकामा ग्लास त्याच्यावरच पालथा घातला होता. माझ्या हातात होती ती!

खालची बाजू ओलीनं गेलेली. वरची वाजत होती. कोण्या बाईचा भीमपलास, तीन मिनिटांचा. लेबल पुसून गेलेलं. जुन्या रेकॉर्डांत शेवटी गाणारी बाई आपलं नाव सांगायची, तशी हीही सांगते; पण नेमकं तिथंच, मधल्या लेबलाजवळ, ग्लासांच्या कडांनी घासून घासून सगळं गेलेलं. त्यात माझाही ग्लास असणारच. नुसता खरखराट, आणि त्यामागं एका बाईनं काहीतरी म्हटल्यासारखं.

मास्तर त्या बाईसाठी वेडा झाला. मी तीनदा ती रेकॉर्ड मागितली. गाण्याचं नवं मशीन देतो म्हणालो, माझ्या खोलीतल्या हव्या त्या दहा उचल म्हणालो. तो हसून मान हलवायचा. “शेठ, समदंच घासाघीस करून मिळत न्हाई.” सहज म्हणाला असेल. मला ते चपराकीसारखं लागलं.

त्याची एकच इच्छा होती. समीक्षकांनी ती एकदा ऐकावी. ही बाई कोण ते त्यांना ओळखता आलं तर बघावं. नाहीच आलं, तर निदान चार ओळी लिहाव्यात, म्हणजे ती अगदीच बिननावाची मरणार नाही. कागद, पेन, पाकीट घेऊन माझ्याकडेच आला होता पत्र लिहून घ्यायला. त्यात रांजणाची सगळी हकिगत लिहून मीच त्या सरांना बीडला बोलावलं. भाषण ठेवलं, गाडी पाठवली. मला वाटलं, आधी ते माझी खोली पाहतील.

पाहिली त्यांनी. तासभर पाहिली. मग म्हणाले, “संग्रह मोठा आहे.” मोठा! गोदामाला म्हणतात तसं. आणि पुढं हसत, “यातली एकूण एक रेकॉर्ड माझ्या लेखांतली दिसते. तुमची स्वतःची अशी कोणती?”  मी चहा मागवला. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, “ती रांजणावरची कुठंय? तिच्यासाठी तर मी आलो.”

माझ्यासाठी नाही. तिच्यासाठी.

मास्तरला त्या दिवशी रजा मिळाली नव्हती. सकाळीच ड्युटीवर जाताना तो रेकॉर्ड माझ्या हातात देऊन गेला होता, बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. “तुमीच ऐकवा शेठ. तुमच्याकडं मशीन बी चांगलं हाय.”

इथं मी थोडा थांबतो. इथवर घडलेलं सगळं मी यापूर्वी कुणाला ना कुणाला सांगितलेलं आहे, गंमत म्हणून. पुढचं नाही.

फेऱ्या — मोटारीच्या फेऱ्या — हा माझा धंदा आहे. चावीच्या ग्रामोफोनला तबकडीशेजारी वेगाची एक छोटी दांडी असते. या जुन्या रेकॉर्डी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी वाजवायच्या. सर खाली हात धुवायला गेले तेव्हा मी ती दांडी सरकवली. फार नाही. पंच्याऐंशीच्या आसपास. जास्त सरकवली असती तर पोरालाही कळलं असतं. कमी सरकवली असती तर काही झालं नसतं. दुकानातलं फेऱ्या मोजायचं यंत्र सकाळीच वर आणून ठेवलं होतं मी. म्हणजे रागाच्या भरात केलं असंही म्हणता येणार नाही. राग आला तर मी पाना फेकून मारतो. हे मी मोजून केलं.

गाणं सुरू झालं. आवाज चढा लागला, पातळ. ताना एकमेकींच्या पायात पाय घालून पळाल्यासारख्या. तीन मिनिटांचं गाणं पावणेतीन मिनिटांत संपलं. सरांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी विचारलं — हे त्यांच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे — त्यांनी मला सरळ विचारलं, “मशीन ठीक आहे ना?”

“गेल्याच आठवड्यात सगळं काढून तेलपाणी केलंय, सर. फेऱ्यांमध्ये माझी चूक व्हायची नाही.”

दुसरं वाक्य तर अगदी खरं होतं.

तिसऱ्या रविवारी लेख आला. जुनं ते सगळंच सोनं नसतं, असा. कुठल्याशा रांजणावरची तबकडी, चिरका घाईचा गळा, भीमपलासाला लागणारी विश्रांतीच नाही; आणि गावोगावचे भाबडे संग्राहक सापडल्याच्या आनंदालाच गाणं समजतात, असं. मी ते कात्रण कापलं. फाइलला लावलं. त्या दिवशी दोन घास जास्तच जेवलो.

रेकॉर्ड मी दुसऱ्याच दिवशी परत केली होती. लेख वाचून मास्तरनं ती आपल्या मशीनवर लावली, आणि त्याचं मशीन तर ठीकच होतं, अठ्ठ्याहत्तरवर. म्हणजे जे खरं होतं तेच त्याला ऐकू आलं. मला वाटलं होतं तो चिडेल. सरांना शिव्या घालेल, बसस्टँडवर सगळ्यांना ऐकवत फिरेल. मी त्याचीही तयारी ठेवली होती.

तो आला तो पेपर घेऊन. बसला. 

“शेठ, म्या रात्री पाच बार लावली. मला तर अजून बी गोडच लागती.” मग कान चोळत म्हणाला, “म्हंजी खोट माझ्याच कानात हाय. इतकी सालं टपावरच्या सामानाचा अन् भोंग्याचाच आवाज ऐकला. कसं कळंल मला?”

मी तिथंच सांगायला हवं होतं. एक वाक्य. मशीन दाखवायचं, दांडी दाखवायची. नाही सांगितलं. त्यानं पिशवीतून ते लुगडं काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

“ठिवा तुमच्याकडं. लई दिस मागत होता.”

“काय द्यायचं बोला.” माझ्या तोंडून सवयीनं निघालं.

“काय न्हाई. झाकण म्हणून बरी हाय.”

आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर मी घासाघीस केलेली नाही. ती माझ्या खोलीत आहे, त्याच लुगड्यात. मी ती योग्य वेगानं लावून पाहिली. चांगली आहे का? मला खरंच माहीत नाही. ज्याला माहीत होतं त्याचं मी काय केलं, ते सांगितलं तुम्हाला.

मास्तर आता रिटायर झालाय. रविवारी नांदूरघाटहून येतो, चहा पितो, आणि रेकॉर्ड लावायच्या आधी म्हणतो, “फाइल द्या शेठ, बघू तर काय ऐकायचं.” चष्मा लावून कात्रण वाचतो, मगच डोळे मिटतो.

परवाच्या रविवारी मी तीच मारवा-केदारची रेकॉर्ड काढली. मारव्याचं कात्रण त्याच्या हातात दिलं आणि बाजू लावली केदारची. मुद्दाम. का लावली? तो हसेल, केजचा बोर्ड म्हणेल, आणि सगळं पहिल्यासारखं होईल म्हणून? की तो हसणार नाही, हे डोळ्यांनी बघायचं होतं म्हणून? दोन्ही होतं. दुसरं जास्त होतं.

पहिल्याच आलापाला त्याचं बोट मांडीवर थांबलं. त्यानं डोळे उघडले. रेकॉर्डकडे पाहिलं, मग कात्रणाकडे. कात्रण पुन्हा वाचलं, ओठ हलवत.

“शेठ, ह्यो मारवाच हाय न्हवं?”

“मारवाच,” मी म्हणालो.

त्यानं मान डोलवायला सुरुवात केली. केदार संपेपर्यंत डोलवत होता.