काढलेला पाटा

माझा धाकटा भाऊ माझ्याहून चांगला मिस्त्री होता. हे मी त्याच्या हयातीत कोणापाशी बोललो नाही.

ठाण्यात खोपटला एका शेठांचे गॅरेज होते. त्यांचे घराणे मूळचे मिठागरातले. पुढे जमिनींचा पैसा आला आणि शेठांना मोटारींचा नाद लागला. तिथे मी आधी लागलो. भावाला तिथे मीच लावले. पाना धरायलाही मीच शिकवले. दोनच वर्षांत गिऱ्हाइके मी समोर उभा असताना मला विचारू लागली, "धाकटे मिस्त्री कुठं आहेत?"

पन्नासचे दशक नुकतेच लागले होते. कल्याणच्या पलीकडे लढाईच्या काळात बांधलेली विमानांची धावपट्टी ओस पडली होती. हिवाळ्यात हौशी लोक तिथे मोटारींची शर्यत लावीत. दोन टोकांना रिकामी पिंपे ठेवलेली असत. त्यांना वळसा घालून यायचे. शेठांनी दोन जुन्या उघड्या गाड्या आणल्या. त्यांची स्वतःची माझ्याकडे दिली, पुतण्याची भावाकडे. कल्याणला नवे गॅरेज निघणार होते. ज्याची गाडी वळणावर जमीन धरील त्याच्या हाती ते सोपवायचे, असे शेठ सर्वांदेखत बोलून गेले.

वळणावर गाडी झुकता कामा नये, असे माझे मत होते. मागच्या चाकांवर गाडी तोलणाऱ्या कमानी म्हणजे एकावर एक रचलेले पोलादी पाटे; त्या दोन्ही कमानींत मी एकेक पाटा वाढवला. त्या गाड्यांचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर साधे होते: एकमेकींवर दाबलेल्या चकत्या आणि मधोमध नट. नट आवळला की गाडीचे डुलणे कमी होई. मी तो पुरता आवळला. सरावात त्या उखडलेल्या डांबरावर माझी गाडी उड्या मारीत वळणाबाहेर गेली. भावाची झुकली, पण तिने रेघ सोडली नाही.

"झुकू दे की तिला, दादा," तो म्हणाला. "चाकानं जमीन सोडली नाही म्हणजे झालं. तू तर तिला खळ घालून इस्त्री केलीस."

"माझं मी बघतो."

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो टायर आणायला मुंबईस गेला. मी त्याच्या गाडीखाली शिरलो. पाटे मोजले; मूळच्यापेक्षा एक कमी होता. नट किती सैल आहे, तेही पाहिले. मग दिवस मावळेपर्यंत माझी गाडी तंतोतंत तशीच केली.

एक गोष्ट मी विचारात घेतली नाही. पुतण्या काडीसारखा होता आणि शेठ त्याच्या दुप्पट. भावाने पुतण्याला गाडीत बसवून, टाकी भरून, कमान किती दबते ते पट्टीने मोजले होते. मी रिकाम्या गाडीवर त्याची नक्कल केली.

पहिल्याच पिंपाशी शेठांची कमान पार दबली. चाकांचा आस चौकटीखालच्या रबरी ठोकळ्यावर आदळला, मागचे चाक जमिनीवरून उडाले आणि गाडी गिरकी घेऊन कापणी झालेल्या खाचरात उतरली. शेठांना खरचटलेही नाही. पुतण्या पहिला आला.

शेठ गाडी घेऊन परत आले ते मागच्या चाकाशी वाकले. "यो पाटा कोनी काढला?"

भावाने कमानीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मी," तो म्हणाला. "दादा नको म्हणत होता."

"पोराला जिंकवलंस नि मना खाचरात घातलंस. तुजी अक्कल तुज्याजवल ठेव. कल्याणचं काम तुजा दादा बघंल."

खरे सांगायला मला एक वाक्य पुरले असते. मी फडक्याला हात पुसत राहिलो.

कल्याणचे गॅरेज मी म्हातारा होईपर्यंत चालवले. त्या दिवसाबद्दल भावाने पुन्हा कधी विषय काढला नाही. मी कृतज्ञ असावे, असे कोणासही वाटेल; मी नव्हतो. त्याचा हात माझ्याहून कसबी होता, एवढे मी कसेबसे गिळले असते. परंतु ज्यासाठी मी चोरी केली ते त्याने सहज देऊन टाकले, आणि परतीच्या वाटेवर तो ट्रकमध्ये माझ्या शेजारीच अंग टाकून ठाणे येईपर्यंत गाढ झोपला. मी जागा होतो. त्या झोपेचा मला आजही हेवा वाटतो.