अंगावरून गेलेलं वारं

भरमा चालवायचा ती गाडी उघडी, आणि त्याला भीती वाटायची ती वाऱ्याची. आता या माणसाला काय म्हणावं? बेळगावच्या शिवराजशेठची ती लाल गाडी, कापडी टप मागं दुमडता येणारी, लग्नाच्या वरातींना भाड्यानं जायची. वडगावात घरच्या हातमागावर बावीस वर्षं साड्या विणून भरमा पन्नाशीत तिचा ड्रायव्हर झाला, आणि पहिल्याच दिवशी कानात कापूस, गळ्यात मफलर अशा थाटात हजर झाला. महिना मे. "भरमाण्णा, काश्मीरला निघालास व्हय?" म्हणून आळी खिदळली. हसा लेको, म्हणत तो गाडीत बसला.

भीतीला कारण होतं. त्याचा थोरला भाऊ सिद्राम एका सकाळी मागावर बसला असताना उजवीकडं कलंडला. हात लुळा, तोंड वाकडं, जीभ जड. अंगावरून वारं गेलं, असं सगळी आळी म्हणाली. लकव्याला आपल्याकडं वारंच म्हणतात. माग खिडकीपाशी होता, म्हणजे शंकाच मिटली. सिद्रामची बायको रुक्माबाई म्हणत होती, डॉक्टरकडं नेऊया. भरमानं ऐकलं नाही. बाहेर नेलं की पुन्हा वारं लागेल! त्यानं दारं-खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, भावाला घोंगडीत गुंडाळलं आणि कापराचं तेल चोळत बसला. तीन दिवस झुळूकसुद्धा आत येऊ दिली नाही. चौथ्या दिवशी दवाखाना. पुढं नऊ वर्षं सिद्राम खाटेवर होता, एक शब्द न बोलता, आणि परवाच्या उन्हाळ्यात गेला.

अण्णाला वाऱ्यानं नेलं, आता आपला नंबर, हे भरमाच्या डोक्यात पक्कं बसलं. मग उघडी गाडी घेतलीच कशाला? कारण मागावर पोट भरेना आणि त्याला दुसरं काही चालवायला कुणी देईना. म्हणून त्यानं वाऱ्याचा अभ्यासच केला. लोकांना वाटतं उघड्या गाडीत वारं पुढून मारतं. साफ चूक. पुढच्या काचेवरून ते उडतं आणि मागच्या सीटवरून वळून मानगुटीवर येतं. दारांच्या काचा वर ठेवल्या, सीट खाली घेतली आणि काटा साठाच्या आत ठेवला तर ते बरंचसं टळतं. थंडीत टप उघडा ठेवून पायाशी हीटर सोडायचा. उन्हाची टोपी हनुवटीखाली बांधायची, नाहीतर ती पहिल्या ट्रकबरोबर जाते. दोन सीटांच्या मागं लावायला त्यानं चौकटीवर सुताची जाळी स्वतः विणली होती. तिच्यामुळं वारं अर्धं व्हायचं. फक्त मागं कुणी बसलं की ती काढावी लागायची.

आणि त्या जानेवारीत मागं राजश्रीबाई बसल्या. मूळच्या निपाणीकडच्या, बेळगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. पुढं त्यांचे वडील पार्श्वनाथ आप्पा, त्या दिवशी ऐंशी पूर्ण. उघड्या गाडीतून तवंदी घाट चढून स्तवनिधीला दर्शनाला जायचं, एवढी एकच हौस म्हाताऱ्यानं उरात जपली होती. भरमानं जाळी काढली आणि तो आप्पांकडं वळला.

"आप्पा, कानाला तेवढं बांधा की."

"वारं खायालाच आलोय रं! बांधू कशाला?"

सव्वानऊला बेळगाव सोडलं. भरमानं काटा पन्नासवर ठेवला आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी आप्पांच्या तोंडाकडं बघू लागला. काकतीला बघितलं, तोंड सरळ. वाटेतल्या लहान घाटात बघितलं, सरळ. "माझ्या तोंडाला काय लागलंय काय?" म्हणून आप्पा हसलेसुद्धा. हत्तरगीच्या टोल नाक्यावर ते उजव्या हातानं बाटली धरून पाणी प्यायले. गाडीतलं घड्याळ दहाला पाच कमी दाखवत होतं. चला, निम्म्याच्या वर आलो, असं भरमाच्या मनात आलं.

संकेश्वरच्या अलीकडं त्यानं पुन्हा बघितलं. आप्पांच्या ओठाचा उजवा कोपरा खाली लोंबत होता. ते काहीतरी सांगत होते आणि शब्दाला शब्द लागत नव्हता. उजवा हात सीटवरून घसरून गिअरपाशी पडला होता. दहा वाजून बारा मिनिटं.

भरमानं गाडी एका चहाच्या टपरीशी घेतली. "बाई, आप्पांवरनं वारं गेलं!" म्हणत तो टप ओढायला धावला. टपाचा हूक अर्ध्यावर अडकला. त्यानं मफलर काढून आप्पांच्या डोक्याला गुंडाळला, खिशातली कापराच्या तेलाची बाटली काढली आणि कानामागं चोळू लागला. टपरीवाला पुढं आला, बघून मान हलवत म्हणाला, "गाळी बडदैत्रि. घरी न्या, झाकून ठेवा." गाळी म्हणजे वारंच. मराठीत वारं, कन्नडात वारं, दोन्ही भाषा एकच सांगतात म्हटल्यावर खोटं कसं असेल?

"चोळताय काय?" राजश्रीबाई ओरडल्या. "गाडी वळवा. बेळगाव, मोठा दवाखाना. आत्ता!"

"टप अडकलाय, बाई. बसवतो, दहा मिन्टं द्या."

"टप राहू दे! चला!"

वारं लागलेल्या माणसाला उघड्या गाडीतून, त्याच वाऱ्यातून पन्नास किलोमीटर न्यायचं? हे तर हातानं जीव घेणं झालं. पण बाईंचा आवाज शाळेतला होता. त्यानं टप पुन्हा मागं ढकलला आणि गाडी वळवली. काटा साठावर गेला, नव्वदवर गेला, शंभरच्या पुढं गेला. वारं मानगुटीवर थडाथड आदळत होतं. आप्पांच्या डोक्यावरचा मफलर सुटला आणि मागं उडून गेला. राजश्रीबाई मागून दोन्ही हातांनी वडिलांचं डोकं धरून बसल्या होत्या. भरमाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मारतोय यांना, अण्णाला वाचवायला दारं लावली आणि यांना वाऱ्यावर घातलं, एवढंच त्याच्या मनात चाललं होतं. आप्पांकडं बघायची त्याची छाती होईना.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "हे कधी सुरू झालं? नक्की वेळ सांगा." राजश्रीबाईंना सांगता येईना, त्या मागं होत्या. भरमा म्हणाला, "धाला पाच कमी असताना सरळ होते. धा बाराला वाकडं." डॉक्टरनं चमकून त्याच्याकडं बघितलं, आणि आप्पांना आत नेलं.

भरमा भिंतीला टेकून उभा राहिला. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. आप्पांची बोटं हलत होती, मुलीचं नावही त्यांनी घेतलं होतं. "मेंदूत गुठळी होती. साडेचार तासांच्या आत आणलं की इंजेक्शन देता येतं. तुम्ही वेळेत आणलं."

"आन् वारं?"

"वाऱ्याचा काय संबंध?"

भरमानं विचारलं, "चौथ्या दिवशी आणलं असतं तर, सायेब?"

"मग इंजेक्शनचा उपयोग नसता झाला."

बाई हात जोडून आभार मानत होत्या. भरमाला ते नीट ऐकूसुद्धा आलं नाही. इतकी वर्षं त्याला वाऱ्याची भीती वाटत होती. आता जी वाटत होती तिच्यापुढं ती काहीच नव्हती. घरी जायचं म्हणजे रुक्माबाईसमोर जायचं.

रुक्माबाई लग्न होऊन आली तेव्हा भरमा आठ वर्षांचा होता. आईमागं तिनंच त्याला वाढवलं. ती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती.

"उशीर केलास रं. शेठचा माणूस सांगून गेलाय. म्हातारं बरं हाय न्हवं?"

"बरं हाय." तो उंबऱ्यातच बसला. "वयनी, वारं न्हवतं ते. अण्णाचंबी. त्याच दिवशी नेलं असतं तर... मी दारं लावून बसलो."

परातीतला हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "दवाखान्यात नेलं त्याच दिवशी डॉक्टर मला लई बोललाता. तू बाहेर रिक्षात व्हतास."

"मग मला का न्हाय सांगितलंस? मला एका शब्दानं दोष दिला न्हायस!"

"तुजा अण्णा तर खाटंवर गेलता. तुलाबी खाटंवर घालून काय करू?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "कुणी ठेवलं यांना तीन दिवस घरात, असं विचारलं डॉक्टरनं. मी म्हटलं, मी."