उतारावर बंद केलेलं इंजिन

थायलंडच्या डोंगरात आमची भाड्याची स्कूटर पडली ती माझ्या चुकीने. घरी येऊन मी सांगितलं की बायको मागे घाबरून हलली आणि तोल गेला. ते खोटं होतं.

पोलाद कारखान्याचं आमचं भिलाई गाव सपाट. आम्हाला उतार माहीत तो पावर हाउस भागातल्या पुलाचा. वर पोचलं की इंजिन बंद करायचं आणि गाडी तशीच सोडून द्यायची. वडील ड्यूटीवरून येताना असंच करत, मीही तेच शिकलो. पेट्रोल वाचायचं किती कोण जाणे, पण फुकट सरकण्यात मजा वाटायची.

त्या दिवशी घाट उतरू लागलो आणि हात आपोआप चावीकडे गेला. पुलाचा उतार लगेच संपतो. हा संपेना. इंजिन बंद, म्हणून सगळा भार ब्रेकवर, आणि प्रत्येक वळणावर मी दोन्ही ब्रेक आवळून धरत होतो.

"अहो, कायतरी जळून राहिलं," बायको मागून म्हणाली.

"तुले सगळीकडे प्लांटच दिसते. गुपचूप बस."

वास मलाही येत होता. माझी सारी नोकरी तापलेल्या लोखंडाजवळ गेली, मला तो कळत नव्हता असं नाही. पण थांबलो तर इंजिन बंद आहे हे तिला कळेल आणि ती बोलेल, म्हणून थांबलो नाही.

पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबला. दांडा थेट मुठीला टेकला, गाडी मात्र पळतच राहिली. समोरून मालाचा ट्रक चढत होता.

"थांबवा न," ती म्हणाली.

दरीपेक्षा डोंगर बरा, एवढंच सुचलं. स्कूटर कड्याजवळच्या खडीत घातली. मी खरचटण्यावर सुटलो. तिचं मनगट मोडलं. तशा वेदनेतही तिने विचारलं, "माझ्यानं तोल गेला का?"

"हलली होती तू," मी म्हणालो.

त्यानंतर ती माझ्या मागे बसली नाही. जवळच्या बाजारातही ऑटोने जायची.

या दिवाळीत आम्ही रिसालीला तिच्या भावाकडे जेवायला गेलो. मेहुणा वाढता वाढता म्हणाला, "भाऊजी, ताईले मागं बसवाचं म्हणजे गव्हाचं पोतं दळाले नेल्यासारखं. दोरीनं बांधून नेत जा."

सगळे हसले. तीही हसली. "खरंच रे, मले बसताच येत नाही."

ती हे गमतीने म्हणत नव्हती. तिने ते मानलं होतं. हातातला घास मी परत ताटात ठेवला.

"ती हलली नव्हती," मी म्हणालो. "मी इंजिन बंद करून घाट उतरलो. जळाल्याचा वास येते म्हणून तिनं सांगितलं, मी ऐकलं नाही. वरून तिच्यावरच ढकललं."

मेहुणा वाढायचा थांबला. ती माझ्याकडे वळली.

"इतके दिवस?"

"हो. माफ कर मले. खोटं या सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून माफीही यांच्यासमोरच मागून राहिलो."