तिसऱ्या डब्यातली भाकरी

मी कडक भाकरी करून देते, सात रस्त्याजवळच्या एका दुकानाला. पातळ थापायची, भाजायची, मग चुलीच्या कडंला उभी करून पार पापडासारखी वाळवायची. लई दिवस राहती. का राहती, ते मला कुणी कदी इचारलं न्हाय. माज्या लेकीनं इचारलं. ती आटवीत हाय, माजी शाळा सातवीतच सुटली, त्यामुळं तिनं काय इचारलं की मी कामाचं निमित्त काडते.

"आई, हिला बुरशी का लागत न्हाय?"

"कडक असती म्हणून."

"कडक असली म्हणून का न्हाय लागत?"

मी तिला पाणी आणायला धाडलं.

शाळेच्या विज्ञान स्पर्धेसाठी तिनं फळीवर तीन डबे मांडले. पहिल्यात नुसती भाकरी. दुसऱ्यात बिनमिठाची आन् संगं ओला कापूस. तिसऱ्यात मिठाची, तिच्यासंगंबी ओला कापूस. आट दिसांनी दुसऱ्यात हिरवी बुरशी, पहिल्यात आन् तिसऱ्यात काईच न्हाय. तिनं वहीत लिवलं, मिठामुळं बुरशी लागत न्हाय. शाळेत नंबर आला, जिल्ह्यात आला, राज्यात आला. आता सगळ्या देशाची स्पर्धा, दिल्लीला. शाळेनं फाटकावर तिचा फोटो लावला.

जायला पंधरा दिवस ऱ्हायले तवा ती माज्याम्होरं भाषण म्हणत होती. "तिसऱ्या डब्यातली मिठाची भाकरी..." आन् माजा हात पिठातच थांबला.

ती भाकरी मी तव्यावर टाकली होती.

डबे मांडले त्याच आटवड्यात, पोरगी शाळेला गेल्यावर फळी पुसायला डबे खाली घेतले, तिसरा उगडला, भाकरी मऊ पडलेली. मिठाची भाकरी दुकानाची असती, मला वाटलं मीच चुकून हितं ठेवली. मऊ पडली की परत तव्यावर टाकायची, ही आमच्या हाताची सवयच. कडक केली, मग कापूस दिसला, तवा कळलं हा तिचा डबा, गपचिप परत ठेवली. दोन दिसांनी बगितली, परत मऊ. परत तव्यावर. मला वाटलं पोरीचं काम नीट ठेवतेय मी.

आता सांगू का नको? फोटो लागलाय, तिच्या शाळंतल्या म्याडम पेढे वाटून बसल्यात. पण आतनं एक किडा वळवळायला लागला, मीठबी खरंच काम करत असंल तर? मग माज्या तव्यानं काय बिघडलं? मी दोन बरण्या घेतल्या, एकीत मिठाची, एकीत बिनमिठाची, दोनीत ओला कापूस, आन् ज्वारीच्या पोत्यामागं लपवल्या. रोज वाकून काचंतनं बगायची.

ह्यांनी एकदा धरलंच. "काय शोधतीस गं? का तूबी निगालीस दिल्लीला?"

"उंदीर हाय," म्हणलं.

सहाव्या दिशी दोनीला बुरशी. मिठाचीला जरा कमी, पण हिरवीगारच. मी तितंच बसले. पोरगी शाळंतनं आली, माज्या हातात बरण्या.

"आई, हे कुणी केलं?"

मग सगळं सांगितलं, एका दमात, रडत. ती रडंल वाटलं, न्हायतर ओरडंल. ती वही घेऊन म्होरं बसली.

"तव्यावर किती वेळ ठेवली व्हतीस?"

"मोजतंय कोण! टिचकी मारली की वाजायला लागंपर्यंत."

"म्हणजे मीठ न्हाय गं, पाणी! तू त्यातलं पाणी काढत व्हतीस. परत करून बगू चल."

दुसऱ्या दिशी दोगी म्याडमकडं गेलो.  म्याडमनी वही दोनदा वाचली. मग म्हणल्या, "स्पर्धावाल्यांना आधी कळवू. हो म्हणले तर जाईल, नाही म्हणले तर नाही." चार दिस मला भाकरी नीट थापता आली न्हाय. मग फोन आला, या म्हणले, पण घडलं तसंच मांडा.

गेली. नंबर न्हाय आला. आल्यावर सांगत होती, एका सरांनी इचारलं, चूक कशी कळली? "मी म्हणलं, आईनं दोन बरण्या ठेवल्या व्हत्या, सहा दिवस हात न लावता."

"लावला व्हता," मी म्हणलं. "चौथ्या दिशी. मिठाचीचं झाकण उगडून वास घेतला."

 तिनं दप्तरातनं वही काडली.

"कसला येत व्हता वास?"