पंच्याहत्तरच्या नोटेवरचं कुंकू

झेंडूचा वास आला की मला बर्माची पंच्याहत्तर क्यातची नोट आठवते. शहाऐंशी साली मी नागपूरजवळच्या सौंसरला नोकरीत होतो आणि आपल्याकडे नसतात अशा आकड्यांच्या परदेशी नोटा जमवत होतो. नागपूरचे एक संग्राहक त्या नोटेच्या बदल्यात बहामाची तीन डॉलरची नोट देणार होते. अट एकच, नोट कोरी हवी. भाऊबीजेनंतर बसने जायचं ठरलं होतं. लक्ष्मीपूजनाला आंघोळ करून आलो, तर ताटात झेंडू आणि संत्र्यांच्या शेजारी माझ्या वहीतली तीच नोट, आणि बायको तिच्यावर कुंकवाचं बोट टेकवत होती. मी म्हणालो, "अवं, हे काय करून राहिली तू?" ती शांतपणे म्हणाली, "सगळ्यात जास्त हेच नोट जपता ना तुम्ही? मंग लक्ष्मीपुढं दुसरी कोणती ठेवू?" भाऊबीजेनंतर मी तीच नोट घेऊन बसने गेलो. नागपूरच्या गृहस्थांनी डाग पाहिला आणि नोट परत केली. पुढच्याच वर्षी बर्माच्या सरकारने ती नोट चलनातूनच रद्द केली. तीन डॉलरची नोट मला अजून मिळालेली नाही. पंच्याहत्तरची मात्र दर दिवाळीला ताटात पहिली असते, आणि कुंकू आता मीच लावतो, त्याच डागावर.